काळी दोनमधली पिकअप

पिकअपला ‘कुंई’ असा आवाज यायला लागला की मालकाचा पहिला उपाय ठरलेला असतो. तो टेपचा आवाज वाढवतो. खर्च शून्य, गुण तत्काळ. पुढं गाडी टेपच्या वर चढते, मग टेप गाडीच्या वर चढतो, आणि ही जुगलबंदी शेजारी बसणाऱ्याला असह्य झाली की गाडी एकदाची गॅरेजच्या दारात उभी राहते. तोवर आवाजाला सहा महिने होऊन गेलेले असतात. मेकॅनिकला मात्र सांगायचं ते एकच: "परवापासनं येतोय."

नारायणगावच्या बाजारातून टोमॅटो भरून वाशीला जाणारा कुठलाही पिकअपवाला घ्या. संध्याकाळी क्रेट चढवायचे, रात्री ओतूर मागं टाकून माळशेज घाट उतरायचा, मुरबाड-कल्याण करत भाव फुटायच्या आत मार्केट गाठायचं आणि दिवस वर आल्यावर रिकामे क्रेट घेऊन तोच घाट चढायचा. या लेखापुरता आपला पिकअपवाला गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो असं धरू. त्या पट्ट्यात असा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही, आणि त्याची पेटी पुढं कामाला येणार आहे.

तर हा पेटीवाला गॅरेजमध्ये येतो आणि त्याच्यावर पहिलं संकट कोसळतं ते नकलेचं. "कसा आवाज येतो?" कुणीतरी विचारतं. आता आवाज कसा येतो ते सांगायचं म्हणजे काढूनच दाखवायला हवा. ग्रामपंचायतीला एकदा उभा राहिलेला, लग्नाच्या पंगतीत आग्रहानं बसवला जाणारा माणूस हाताखालच्या चार पोरांसमोर ओठांचा चंबू करतो आणि ‘कुंईंईं’ करतो. पोरं एकमेकांकडं बघतात. "शेवटाला घोगरा व्हतो का?" त्यातला एक विचारतो. माणूस पुन्हा सुरू करतो आणि या वेळी शेवटाला घोगरा होतो. तेवढ्यात ट्रॅक्टर घेऊन आलेला दुसरा गिऱ्हाईक म्हणतो, "आमच्या गाडीला आसाच यायचा, पण आसा," आणि स्वतःचा वेगळाच आवाज काढतो. पाच मिनिटांत गॅरेजात तीन प्रकारचे आवाज घुमायला लागतात. त्यातला एकही पिकअपचा नसतो.

अमेरिकेत या नकलांवर रेडिओचा एक कार्यक्रम वर्षानुवर्षं चालला. टॉम आणि रे मॅग्लिओझी या भावांचा ‘कार टॉक’ १९७७ साली बॉस्टनच्या डब्ल्यूबीयूआर केंद्रावर सुरू झाला, १९८७ पासून एनपीआर या रेडिओच्या जाळ्यावरून देशभर ऐकू जाऊ लागला आणि २०१२ पर्यंत त्याचे नवे भाग निघत राहिले. लोक फोन करून गाडीचा आवाज तोंडानं काढून दाखवत. दोघंही भाऊ एमआयटीचे पदवीधर. ते आधी पोटभर हसत आणि मग निदान सांगत. आपल्याकडं हसण्याचा भाग व्यवस्थित पार पडतो. निदानाला मात्र चार ठिकाणी जावं लागतं.

कारण खरी गोची पुढंच आहे. नक्कल झाल्यावर मेकॅनिक गाडी सुरू करतो, आणि गाडी गप्प. जरा रेस करतो, तरी गप्प. हायवेवर आख्खी रात्र किंचाळलेली गाडी गॅरेजच्या दारात सुतासारखी सरळ झालेली असते. "आता नाय येत," असं पेटीवाला खजील होऊन म्हणतो. "मग आला की या," मेकॅनिक म्हणतो.

मग सुरू होतो दुकानांचा फेरा. हायवेला लागून ओळीनं दुकानं असतात आणि प्रत्येक दुकानात आवाजाचं कारण तयार असतं. टायरवाला खाली वाकून टायरवरून तळहात फिरवतो आणि म्हणतो, "टायर खाल्लेत. पुढचे मागं घ्या, नायतर जोडी बदला." इलेक्ट्रिशियन बॉनेटकडं नुसतं बघून म्हणतो, "अल्टरनेटरचं बेरिंग." ऑइलवाल्याच्या मते ऑइल संपलंय, ग्रीसवाल्याच्या मते ग्रीस. मेहुण्याचं निदान सगळ्यात थेट असतं. "दाजी, गाडी विका." त्याच्या ओळखीत गिऱ्हाईकही असतं.

यातलं कुणीही खोटं बोलत नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. वेडेवाकडे झिजलेले टायर घोंघावतात, हे खरंच आहे. अल्टरनेटर इंजिनाच्या दुपटीनं-तिपटीनं फिरतो, त्यामुळं त्याचं बेरिंग गेलं की बारीक शीळ निघते, हेही खरं. प्रत्येकानं आपापल्या दुकानात हा आजार बरा झालेला पाहिलाय. फक्त ती गाडी दुसरी होती. पेटीवाला मात्र टायरची जोडी बदलतो, अल्टरनेटरचं बेरिंग बदलतो, ऑइलही बदलून घेतो. गाडी आतून बाहेरून नवी व्हायला लागते आणि आवाज तेवढा जुना राहतो.

शेवटी कुणीतरी त्याला एका जुन्या मिस्त्रीकडं पाठवतं. हे मिस्त्री गावाच्या टोकाला असतात. गॅरेजला पाटी नसते, असलीच तर तिच्यावर ऑइल कंपनीचं नाव मोठं आणि मिस्त्रीचं बारीक. पेटीवाला जाऊन उभा राहतो आणि सवयीनं ओठांचा चंबू करतो. मिस्त्री हातानं थांबवतो.

"आवाज काढू नका. कधी येतो तेवढं सांगा."

"कधी म्हंजे?"

"उभ्या गाडीला येतो?"

"नाय बा. चालल्यावर."

"किती स्पीडला?"

"पन्नासच्या पुढं. साठला लई."

"पाय काढला की?"

"कशावरनं?"

"ॲक्सिलेटरवरनं. पाय काढला की जातो, का ऱ्हातो, का बदलतो?"

पेटीवाला गप्प. सहा महिने हा आवाज त्यानं ऐकलाय, चारचौघांत गाऊन दाखवलाय, पण पाय काढल्यावर त्याचं काय होतं याकडं त्याचं लक्षच गेलेलं नाही.

गिऱ्हाईक आवाजाचं वर्णन करून दमतं. मिस्त्रीला वर्णन नको असतं, वेळापत्रक हवं असतं. गाडीत फिरणाऱ्या वस्तूंच्या मुळात दोनच टोळ्या. एक इंजिनाबरोबर फिरणारी: फॅनबेल्ट, अल्टरनेटर, पाण्याचा पंप, पॉवर स्टिअरिंगचा पंप. टर्बो याच बाजूचा, फक्त तो बेल्टवर नाही, धुराच्या जोरावर फिरतो आणि मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. दुसरी टोळी चाकाबरोबर फिरणारी: प्रॉपेलर शाफ्ट, त्याचं सेंटर बेरिंग, मागच्या ॲक्सलच्या हाउसिंगमधले क्राउन-पिनियन हे गिअर, चाकांची बेरिंगं आणि टायर. गिअरबॉक्सचा एक पाय इकडं, एक तिकडं. उभ्या गाडीला आवाज येत असेल तर दुसरी टोळी निर्दोष, कारण ती फिरतच नाही. चालल्यावरच येत असेल तर पहिल्या टोळीवरचा संशय निम्म्याहून कमी होतो. एवढ्या एका प्रश्नानं इलेक्ट्रिशियनचं बिल वाचलं असतं.

तरीही मिस्त्री बॉनेट उघडतो. एकतर गिऱ्हाइकाच्या उत्तरावर विश्वास ठेवायचा नाही हा धंद्याचा पहिला नियम, आणि दुसरं म्हणजे बॉनेट न उघडता सांगितलेलं निदान कुणाला पटत नाही. चालू बेल्टच्या आतल्या बाजूवर तो बाटलीतलं थोडं पाणी उडवतो. पाण्यानं आवाज क्षणभर जाऊन परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत; उलट वाढला तर बेल्ट ढिला. इथं दोन्ही होत नाही. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं जातं; ऑइल कमी असतं किंवा पंपात हवा असती तर तो इथं कण्हला असता. क्लच दाबून-सोडून बघतात. दाबल्यावर गेला तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं बेरिंग, दाबल्यावर आला तर क्लचचं बेरिंग. काहीच नाही. बेल्ट काढून इंजिन घटकाभर चालवायची तपासणीही आहे, पण ती घटकाभरच: पाण्याचा पंप त्याच बेल्टवर, आणि बऱ्याच डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्युम पंप अल्टरनेटरच्याच पाठीवर असतो. बेल्ट काढून "जरा चक्कर मारून येतो" म्हणणाऱ्याला ब्रेक लावताना आपली चूक कळते.

मग येतो स्क्रूड्रायव्हर. फूटभर लांबीचा, लाकडी मुठीचा. त्याचं टोक अल्टरनेटरच्या अंगाला टेकतं आणि मूठ मिस्त्रीच्या कानाजवळच्या हाडाला. पॅरिसच्या रने लाएनेक या डॉक्टरला १८१६ साली एका तरुण स्त्रीच्या छातीला थेट कान लावायचा संकोच वाटला, म्हणून त्यानं कागदाची सुरळी केली आणि त्यातून स्टेथोस्कोप निघाला. गॅरेजमध्ये संकोचाचा प्रश्न येत नाही. थेट कान लावला तर पंखा कान घेऊन जाईल, एवढीच अडचण. म्हणून मिस्त्री गळ्यातला गमछाही आधी काढून ठेवतो. त्याचं झाल्यावर पोरांना ऐकायचं असतं, मग पेटीवाल्यालाही ऐकायचं असतं. तो ऐकतो आणि पांढरा पडतो. धडधाकट इंजिनसुद्धा स्क्रूड्रायव्हरमधून ऐकलं तर आतली मंडळी बाहेर यायच्या बेतात आहेत असं वाटतं.

याच वेळी एक पोरगा गाडी मागं घेतो आणि ती ‘कुंईंईं’ करते.

"ह्योच! ह्योच आवाज!" पेटीवाला ओरडतो. पोरं मिस्त्रीकडं बघतात. मिस्त्री ढुंकूनही बघत नाही. रिव्हर्सला गाडीनं कुंई केलं नाही तरच काळजी करायची, असं त्याचं मत. पुढच्या गिअरचे दाते तिरपे कापलेले असतात. एक दाता सुटायच्या आत दुसऱ्यानं पकड घेतलेली असते, भार हातोहात सरकतो आणि आवाज होत नाही. रिव्हर्सचे दाते बहुतेक गाड्यांत सरळ कापलेले असतात. ते एकदम भिडतात, एकदम सुटतात आणि प्रत्येक भेटीची दवंडी पिटतात. सरळ दाते करायला सोपे, आणि मागं जायचं असतं चार पावलं, म्हणून कुणी तक्रार करत नाही. दात्यांच्या तिरपेपणाचा अभिमान बाळगणारी माणसंही होऊन गेली आहेत. फ्रान्समधले आंद्रे सित्रोएन मोटारी काढायच्या आधी दुहेरी तिरप्या, व्हीच्या आकाराच्या दात्यांची गिअरं बनवायचे. १९१९ पासून त्यांची मोटार निघाली आणि तिच्या नाकावर बसलेले दोन उलटे व्ही म्हणजे तेच दाते. आवाज न करणाऱ्या गिअरची एवढी जाहिरात दुसऱ्या कुणी केली नसेल.

आता रस्त्यावर. मिस्त्री शेजारी बसतो, खिडकी खाली करतो आणि टेप बंद करतो. ही टेपची पहिली सुटी.

काँक्रीटच्या पट्ट्यावरून गाडी डांबरावर येते. टायरचा आवाज असता तर रस्त्याबरोबर बदलला असता. हा जसाच्या तसा. जोडी बदलल्याचे पैसे वाया गेल्याचं इथं अधिकृतपणे जाहीर होतं. मोकळा रस्ता बघून गाडी हलकी डावी-उजवी डोलवतात. उजवीकडं वळताना भार डाव्या चाकांवर पडतो, डावीकडं वळताना उजव्या. चाकाचं बेरिंग गेलेलं असतं तर भार आला की ते बोंबललं असतं. तेही नाही. मागून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरला मात्र पिकअपवाला दुपारीच झोकून आलाय अशी खात्री पटते आणि तो हॉर्न वाजवत, खिडकीतून दोन शब्द ऐकवून पुढं जातो.

"आता तिसऱ्याला साठ करा. मग चौथ्याला साठ. मग पाचव्याला. सूर बदलतो का बघा."

सूर म्हटल्याबरोबर पेटीवाल्याची पाठ ताठ होते. इतक्या दुकानांत त्याला कुणी त्याच्या भाषेत विचारलंच नव्हतं. तिसऱ्याला इंजिन ओरडतं, चौथ्याला शांत होतं, पाचव्याला गुरगुरतं. कुंई तिन्ही वेळा एकाच पट्टीत.

"काळी दोन," तो म्हणतो. "तिन्ही बारीला काळी दोनच."

इथं इंजिन सुटलं. गिअर बदलला की इंजिनाचा वेग बदलतो, साठचा साठ राहतो तो फक्त चाकांचा आणि चाकांना जोडलेल्या शाफ्ट-हाउसिंगचा. पण गंमत याच्या पुढं आहे, कारण पेटीवाल्यानं सांगितलेली पट्टी हिशेबानंही जमते. पिकअपच्या टायरचा घेर साधारण २.२ मीटर असतो. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला १६.६७ मीटर जाते, म्हणजे चाकाचे सेकंदाला साडेसातहून किंचित जास्त फेरे. हाउसिंगमधल्या मोठ्या चक्राला, म्हणजे क्राउनला, ४१ दाते धरले तर सेकंदाला ३११ वेळा दात्याला दाता भिडतो. पेटीवरची मधल्या सप्तकातली काळी दोन सेकंदाला ३११ कंपनांचीच.

हिशेब इथं थांबवला तर अर्धी मजा जाईल. दात्यांचा आवाज वेगाच्या प्रमाणात चढतो. म्हणून ताशी ४० ला जो सूर लागतो त्याला सा म्हटलं तर ४५ ला रिषभ, ५० ला गंधार, ६० ला पंचम, ७५ ला निषाद आणि ८० ला वरचा सा. सगळे शुद्ध. मध्यम आणि धैवतालाच स्पीडोमीटरवर अपूर्णांक येतात, त्यामुळं ते लागायला ड्रायव्हरचा पाय तयारीचा लागतो. झिजलेलं हाउसिंग घेऊन वाशीला जाणारा माणूस रोज रात्री चाळीस ते ऐंशीच्या दरम्यान पूर्ण सप्तक गातो आणि त्याला वाटतं गाडी बिघडलीये.

मिस्त्रीला सप्तकात रस नसतो. त्याला पाय काढल्यावर काय होतं ते हवं असतं, आणि ते नीट कळायचं तर गाडी भरलेली हवी. परतीच्या गाडीची खात्री करून घेऊन तो त्या रात्री क्रेट भरलेल्या पिकअपमधून घाटापर्यंत यायला तयार होतो. सपाटीला ॲक्सिलेटर दाबला की काळी दोन खणखणीत लागते. माळशेजचा उतार सुरू झाला, पाय काढला, गाडीच आता इंजिनाला ढकलायला लागली, आणि कुंई विरते. तिच्या जागी खालच्या अंगानं एक घरघर येते. परत पाय दाबला की परत कुंई.

"हाउसिंग," मिस्त्री म्हणतो. "पिनियनचं बेरिंग खेळतंय."

कारण असं. इंजिनाकडून आलेला शाफ्ट पिनियन या लहान गिअरला फिरवतो आणि पिनियन क्राउनला. गाडी ओढताना पिनियनच्या दात्याची एक बाजू घासते, उतारावर दुसरी. पिनियन घट्ट बसलेलं असेल तर दोन्हीकडं स्पर्श दात्याच्या मधोमध होतो. बेरिंग झिजून पिनियन केसभर पुढंमागं व्हायला लागलं की स्पर्श दात्याच्या कडेला सरकतो आणि कडेवर घासलेला दाता गातो. टायर नवा असो की जुना, अल्टरनेटरचं बेरिंग बदललेलं असो की नसो, त्याला फरक पडत नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी परत आली की हाउसिंग उघडतं. आधी मिस्त्री ऑइल भरायच्या भोकात करंगळी घालतो. ऑइल त्या भोकाच्या ओठापर्यंत असायला हवं. त्याची करंगळी दोन पेरं कोरडीच बाहेर येते. खालचा बूच काढल्यावर जे येतं त्याला अंड्याचा वास आणि दुधाळ रंग असतो. वासाबद्दल तक्रार नाही: क्राउन-पिनियनचे दाते नुसते एकमेकांवर लोळत नाहीत, घसटतही जातात, म्हणून त्यांच्या ऑइलात गंधक-फॉस्फरसची औषधं घालावी लागतात. रंग वाईट. दुधाळ म्हणजे पाणी. बुचाच्या लोहचुंबकावर बारीक काळा लगदा असेल तर वयोमान. इथं खपल्या आहेत.

पाणी आलं कुठून? हाउसिंगच्या डोक्यावर करंगळीएवढा ब्रीदर असतो. हाउसिंग तापलं की आतली हवा फुगते आणि त्यातून बाहेर पडते. टोमॅटोच्या शेतातल्या चिखलानं तो बुजला की हवेला वाट राहत नाही. ती सीलवाटे ऑइल बाहेर ढकलते. मग तापलेली गाडी ओढ्यातून काढली की आतली हवा आकसते आणि त्याच सीलवाटे पाणी आत ओढते. थोडक्यात, चिमूटभर चिखलानं दीड-दोन लिटर ऑइल नासवलं, ऑइलानं बेरिंग, बेरिंगानं दाते. पेटीवाला म्हणतो, "पण ऑइल तर मागल्याच महिन्यात बदललं." चौकशी केल्यावर निघतं की बदललं ते इंजिनाचं. हाउसिंगला वेगळं ऑइल असतं ही बातमी त्याला नवीन असते.

ऑइलाच्या बाबतीत आणखी एक अडाणीपणा चालतो, तो म्हणजे एकच डबा सगळीकडं ओतायचा. हाउसिंगला जीएल-५ दर्जाचं ऑइल लागतं. तेच गिअरबॉक्समध्ये ओतलं तर त्यातली तेज औषधं पितळी सिंक्रो रिंगा खाऊ शकतात. तिथं अनेक गाड्यांना जीएल-४ सांगितलेलं असतं. आणि विकायच्या गाडीत काय काय ओततात याची गोष्ट तर पुस्तकात गेलीये. रोआल्ड डालच्या १९८८ च्या ‘मटिल्डा’ या मुलांच्या कादंबरीतला लबाड बाप जुन्या गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये ऑइलाबरोबर लाकडाचा भुसा घालतो. भुशानं आवाज दबतो, तो गिऱ्हाईक घरी पोचेपर्यंत. मेहुण्यानं आणलेला गिऱ्हाईक हे पुस्तक वाचलेला नसतो, पण तो गाडी बघायला येतो तेव्हा हाउसिंगचा बूच मात्र काढायला लावतो.

आता खरी घासाघीस.

"क्राउन चांगला दिसतोय. पिनियन तेवढं बदला," पेटीवाला म्हणतो.

"जोडी बदलावी लागती."

"आवो, पण क्राउनला काय झालंय?"

"काय झालेलं नाय. पण ह्या दोघांचं लगीन कारखान्यात लागलेलं असतं."

मिस्त्री खरं बोलतोय. क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवतात, दोन्हीवर जोडीचा एकच नंबर कोरतात, आणि जोडीनंच विकतात. नव्या पिनियनला जुना क्राउन दिला की आवाज राहतोच, वर मजुरी पुन्हा. जुनी जोडी वापरता येते का हे दाते बघून ठरतं. इथं पिनियनच्या दात्यांच्या कडा खरवडलेल्या आहेत. पेटीवाला एकदा पिनियनकडं बघतो, एकदा आकाशाकडं, आणि मग बाजारभाव विचारायला फोन काढतो: आधी टोमॅटोचा, मग जोडीचा.

बसवण्याचं काम बघण्यासारखं असतं. नवी बेरिंगं दाबून बसतात. पिनियनमागं शिमची चकती घालायची, काढायची, पातळ घालायची. क्राउन आणि पिनियनमधली मोकळीक डायल गेजवर मोजायची. ती मिलिमीटरच्या दशांशापासून पंचमांशापर्यंत ठेवतात, गाडीप्रमाणे. कमी ठेवली तर दाते तापतात, जास्त ठेवली तर खटका येतो. मग क्राउनच्या चार-पाच दात्यांना ब्रशनं रंग फासायचा आणि पिनियन हातानं फिरवायचं. जिथं दात्याला दाता भिडला तिथला रंग पुसला जातो आणि पितळेएवढा लखलखीत डाग उरतो. डाग मधोमध आला तर जमलं. आतल्या टोकाला आला, बाहेरच्या टोकाला आला, वर गेला, बुडाशी गेला, की सगळं परत सोडवायचं. मिस्त्री चष्मा कपाळावर नेऊन डागाकडं नाक लावतो. पोरगा श्वास रोखून उभा. "शेंड्याला चाललाय," मिस्त्री म्हणतो, आणि पोरगा पुन्हा पाना उचलतो.

पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था आहे. तिथं गाड्यांचे आवाज आणि कंपनं यांच्या अभ्यासाची स्वतंत्र प्रयोगशाळा आहे. त्या कामातले इंजिनिअर मायक्रोफोन लावून हेच शोधतात: कुठल्या दात्याचा आवाज किती, आणि तो ड्रायव्हरच्या कानापर्यंत कुठल्या वाटेनं येतो. तिकडं युरोपात उलटाच पेच आहे. इलेक्ट्रिक गाड्या इतक्या गुपचूप चालतात की १ जुलै २०१९ पासून नव्या मॉडेलना हळू चालताना मुद्दाम आवाज करायला कायद्यानं भाग पाडलंय. पेटीवाल्याला हे सांगितलं तर तो जुनी जोडी तिकडं पाठवायची तयारी दाखवील.

तिसऱ्यांदा डाग मधोमध येतो. नवं सील, नवं ऑइल, ओठापर्यंत. ब्रीदर साफ करून मिस्त्री त्यात फुंकर घालतो आणि पेटीवाल्यालाही घालायला लावतो, म्हणजे पुढच्या वेळी तो कुठं असतो ते लक्षात राहील. हायवेला चक्कर होते. साठला काही नाही. ऐंशीला वारा. पेटीवाला पट्टी शोधत कान टवकारतो, काहीच सापडत नाही, आणि त्याला जरा चुकल्यासारखं होतं.

पैसे मोजून झाल्यावर मिस्त्री पथ्य सांगतो. नवी जोडी आहे. पहिले पाचशे किलोमीटर फुल लोड टाकायचा नाही, सारखी एकाच स्पीडला दामटायची नाही, मधून गार होऊ द्यायची. पाचशे झाले की ऑइल बदलायला आणायची. दात्यांची सुरुवातीची घस त्यात उतरलेली असते.

"पाचशे म्हंजे वाशीच्या दोन खेपा तरी रिकाम्या?"

"रिकाम्या नाय. अर्ध्या."

पेटीवाला मान डोलावतो. सगळं पटलेलं आहे. बाजारात पोचेपर्यंत त्याला कळतं की वाशीला आज आवक कमी आहे आणि वीस किलोच्या क्रेटमागं भाव चढलाय. तो गाडी मागं घेतो, रिव्हर्स ‘कुंईंईं’ करतो, या वेळी तो दचकत नाही. हमाल हौद्यात क्रेट रचायला लागतात. हौदा भरत आल्यावर पेटीवाला हात वर करून त्यांना थांबवतो, मिस्त्रीची आठवण ठेवून वरचे पाच क्रेट उतरवायला लावतो आणि दोरी आवळायला घेतो.